नामाच्या पाठीशी उभ्या असलेल्या शब्दास

प्रिय प्रिपोझिशन,



इंग्रजी वाक्यात तुझा वावर सगळीकडे आहे. टेबलावरचं पुस्तक आणि पेटीतला खडू दाखवणाऱ्या तुझ्या रूपांविषयी मला काही म्हणायचं नाही. ती मुलांना डोळ्यांनी दिसतात, बोट दाखवून शिकवता येतात. हे पत्र आहे ते एखाद्या नामाच्या मागोमाग येऊन पुढच्या नामाशी त्याची गाठ घालून देणाऱ्या तुला. 'रीझन'च्या मागचा 'फॉर', 'कॉज'च्या मागचा 'ऑफ', 'इंटरेस्ट'च्या मागचा 'इन', 'सोल्यूशन'च्या मागचा 'टू'. रीझन म्हणजे कारण आणि कॉज म्हणजेही कारण. मग एकाला फॉर आणि दुसऱ्याला ऑफ का, असं मराठी माध्यमाच्या वर्गात मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. प्रश्न रास्त आहे. त्याला मिळणारं उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी एकच असतं: पाठ करा.

मला ते उत्तर मान्य नाही. तू लहरी आहेस हा तुझ्यावरचा आरोपही मान्य नाही. तू नामाचा आहेस, आणि तुला नामापासून तोडून 'रिकाम्या जागा भरा'च्या रांगेत उभं केलं की तू लहरी दिसणारच. नामासकट शिकवलं तर तुझ्यात पुष्कळ शिस्त सापडते. जिथे शिस्त सापडत नाही तिथे निदान इतिहास सापडतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावीच्या उंबरठ्यावरची हुशार मुलं याच एका जागी अडखळतात. त्यांच्या वतीने आणि तुझ्याही वतीने हे लिहिते आहे.

आधी आमच्या बाजूचं सांगते. मराठीत दोन नामं जोडायची झाली की पहिली धाव षष्ठीकडे. प्रश्नाचं उत्तर, दाराची किल्ली, पाण्याची गरज, उशिराचं कारण, माहितीचा अधिकार, परीक्षेची भीती, पैशाचा अभाव: सगळीकडे चा-ची-चं. इंग्रजीत याच जागी आन्सर टू, की टू, नीड फॉर, रीझन फॉर, राइट टू, फिअर ऑफ आणि लॅक ऑफ येतात. म्हणजे ऑफ फक्त शेवटच्या दोन ठिकाणी. सातवीतला मुलगा 'आन्सर ऑफ द क्वेश्चन' लिहितो तेव्हा तो निष्काळजी नसतो. मातृभाषेने शिकवलेला नियम तो प्रामाणिकपणे लावत असतो. पाणिनीने बाकीच्या विभक्तींना त्यांची त्यांची कामं नेमून दिली आणि उरलेले सगळे संबंध षष्ठीकडे सोपवले. मराठीने ते औदार्य आणखी वाढवलं. इंग्रजीतला ऑफसुद्धा उदार आहे, पण इतका नाही, आणि मुलांची पंचाईत नेमकी या दोन औदार्यांच्या फरकात होते.

षष्ठीच्या खालोखाल आमचा 'वर'. पिकांवर परिणाम, सरकारवर दबाव, गडावर हल्ला, दारूवर बंदी, उत्पन्नावर कर, व्याकरणावर भर. इफेक्ट, प्रेशर, अटॅक, बॅन, टॅक्स, इम्फसिस या सगळ्यांना इंग्रजीत ऑन. काहीतरी वरून येऊन पडतं, त्याचा भार खालच्याला सोसावा लागतो, हा अनुभव दोन्ही भाषांनी एकाच दिशेने मांडला आहे. पण त्याच भरवशावर पुढे गेलं की पाय घसरतो. देवावर श्रद्धा म्हणजे फेथ इन. मुलीवर प्रेम म्हणजे लव्ह फॉर. मित्रावर राग म्हणजे अँगर ॲट. शत्रूवर विजय म्हणजे व्हिक्टरी ओव्हर. समस्येवर उपाय म्हणजे सोल्यूशन टू, आणि दुखण्यावर उपाय म्हणजे रेमेडी फॉर. मराठीत प्रेम, राग, श्रद्धा या भावना दुसऱ्यावर जाऊन बसतात. इंग्रजीत श्रद्धा आत शिरते, प्रेम कुणासाठी तरी असतं, राग नेम धरून सुटतो. 'माय लव्ह ऑन माय मदर' असं लिहिणाऱ्या मुलीच्या वहीत मी लाल रेघ मारते, पण त्याआधी तिला हा फरक सांगते. तिची भावना मराठीत घडली आणि शब्द इंग्रजीत शोधावे लागले, एवढंच तिचं झालेलं असतं.

म्हणून माझा आग्रह असा की शिकवायची सुरुवात दोन्ही भाषा जिथे सोबत चालतात तिथून करावी. वर्तमानपत्रातला एक साधा मथळा घ्यावा: दुधाच्या दरात दोन रुपयांची वाढ. वाढ कुठे, तर दरात, इंग्रजीत इन. वाढ किती, तर दोन रुपयांची, इंग्रजीत ऑफ. 'ॲन इन्क्रीझ ऑफ टू रुपीज इन द प्राइस ऑफ मिल्क.' मराठीतला 'त' आणि 'ची' जिथे आहेत, तिथे तू अनुक्रमे इन आणि ऑफ होऊन नेमका हजर असतोस. एकदा हे मुलांच्या ध्यानात आलं की राइज, फॉल, ड्रॉप, चेंज, डिक्लाइन ही सगळी नामं त्यांना आपसूक येतात, कारण बदल सांगणाऱ्या या नामांना 'कशात' हा प्रश्न विचारला की इन मिळतो.

तक्रारीचं उदाहरण तर मला याहून आवडतं, कारण तक्रारीचं पत्र परीक्षेत हमखास असतं. आपण म्हणतो, नगरपालिकेकडे, कचऱ्याबद्दल, ठेकेदाराविरुद्ध तक्रार. 'कम्प्लेंट' हे एक नाम आणि त्याच्यामागे टू, अबाउट, अगेन्स्ट असे तीन वेगळे शब्द, तिघांची कामं स्वच्छ वेगळी. मराठीतले कडे, बद्दल, विरुद्ध त्यांच्याशी तंतोतंत जुळतात. या मुलांना तू येत नाहीस असं कोण म्हणेल? त्यांना तू मराठीत आधीपासून येत असतोस, ओळख तेवढी करून द्यायची राहिलेली असते.

आता या सगळ्यातला सर्वांत दाट भाग. 'वी डिस्कस्ड ऑन द प्रॉब्लेम', 'दे अटॅक्ड ऑन द फोर्ट', 'टीचर इम्फसाइज्ड ऑन ग्रामर', 'शी मॅरीड विथ अ डॉक्टर.' वरवर पाहता या क्रियापदांच्या चुका आहेत. भारतभर त्या होतात आणि चांगल्या पदावरची माणसंही त्या करतात. पण मूळ शोधलं तर ते नामात सापडतं. मराठी आपली कितीतरी क्रियापदं नामापासून बांधते: चर्चा करणे, हल्ला करणे, भर देणे, लग्न करणे, संपर्क साधणे, मागणी करणे. यांत अर्थ सगळा नामाचा असतो. करणे, देणे, साधणे ही नुसती हातभार लावणारी. आणि नाम येताना आपला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय घेऊन येतं. प्रश्नावर चर्चा केली. गडावर हल्ला केला. व्याकरणावर भर दिला. डॉक्टरशी लग्न केलं. इंग्रजीत डिस्कस, अटॅक, इम्फसाइझ, मॅरी ही एकसंध क्रियापदं आहेत, ती कर्म थेट घेतात, मध्ये कुणी लागत नाही. मराठी मूल मात्र क्रियापद वापरतानाही मनात नाम धरून असतं, आणि त्या नामाचा सोबती वाक्यात उतरतो.

तुझ्या असण्याचं कारणही इथेच आहे. क्रियापदाला कर्म झेपतं, नामाला झेपत नाही. 'दे डिमांडेड वॉटर' चालतं. तेच डिमांड नाम झालं की पाण्यापर्यंत पोचायला त्याला फॉर लागतो. 'दे लॅक मनी', पण 'देअर लॅक ऑफ मनी'. आन्सर, रिक्वेस्ट, इन्फ्लुअन्स, अटॅक, लॅक, डिमांड या शब्दांचं स्पेलिंग दोन्हीकडे तेच राहतं, म्हणून मुलांचा गोंधळ वाढतो. शब्द तोच दिसतो, पण एका जागी तो स्वतःच्या पायांवर उभा असतो आणि दुसऱ्या जागी तुझ्या आधाराने. विशेषणाचं नाम होताना तर सोबतीच बदलतो: प्राउड ऑफ, पण प्राइड इन, फाँड ऑफ, पण फाँडनेस फॉर. अशा जोड्या थोड्या आहेत, त्या सरळ लक्षात ठेवाव्यात.

वर्गात यावर मला एक वाट सापडली आहे. इंग्रजीतही मराठीसारखीच नामाभोवती बांधलेली रचना आहे: हॅव अ डिस्कशन, मेक ॲन अटॅक, मेक अ डिमांड, ले इम्फसिस. चर्चा करणे आणि हॅव अ डिस्कशन यांचा सांगाडा एकच. म्हणून 'डिस्कस्ड ऑन' लिहिणाऱ्या मुलाला मी सांगते, तुझ्या मनातलं मराठी वाक्य बरोबर आहे, फक्त इंग्रजीतही नामच घे. 'वी हॅड अ डिस्कशन ऑन द प्रॉब्लेम.' तिथे तुझा ऑन योग्य जागी बसतो. नाम नको असेल तर ऑनही नको. हे सांगितल्यावर मुलाचा चेहरा खुलतो, कारण आपलं काय चुकलं याच्याबरोबर आपलं काय बरोबर होतं हेही त्याला कळतं. व्याकरणाच्या तासाला असं क्वचित होतं.

तुझा पूर्वेतिहास मुलांना सांगायला हवा, असं मला फार वाटतं. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत नामांना आमच्यासारख्याच विभक्ती होत्या. राजाचा, राजाला हे फरक नामाच्या शेवटच्या अक्षरांत दिसत. पुढे ती अक्षरं उच्चारात झिजली. अकराव्या-बाराव्या शतकांत ही झीज वेगाने झाली. प्रत्यय गेले, पण प्रत्ययांची कामं कुठे जाणार? ती तुझ्या अंगावर आली. आज नामामागे तू उभा दिसतोस तो पुष्कळदा एका हरवलेल्या विभक्तीच्या जागी. ऑफचा मूळ अर्थ 'पासून, दूर' असा होता. एक एफचा ऑफ आणि दोन एफचा ऑफ हे मुळात एकच; स्पेलिंग आणि कामं नंतर वेगळी झाली. देवनागरीत आपण दोन्ही सारखेच लिहितो, हा योगायोग मला सुखावतो. नॉर्मन राजवटीत फ्रेंच भाषा इंग्लंडच्या दरबारात आली. तिच्यातल्या संबंधदर्शक शब्दाच्या शेजारी राहून ऑफचं बळ वाढलं आणि चौदाव्या शतकापर्यंत षष्ठीचं बरंचसं काम त्याने उचललं. संस्कृतात भयाचं कारण पंचमीत येतं, वाघापासून भय. हिंदीत 'शेर से डर'. आणि इंग्रजीत फिअरच्या मागे तो ऑफ, ज्याचा जुना अर्थ 'पासून'. हे शेजारी शेजारी फळ्यावर लिहिलं की 'फिअर ऑफ' पाठ करावं लागत नाही.

विथची कहाणीही अशीच. जुन्या इंग्रजीत विथचा अर्थ होता 'विरुद्ध'. सोबतीसाठी वेगळा शब्द होता, 'मिड'. तो आज 'मिडवाइफ'मध्ये, म्हणजे बाळंतिणीच्या सोबत असणाऱ्या सुईणीच्या नावात तेवढा उरला आहे. विथचा विरोधी अर्थ 'विथस्टँड'मध्ये टिकला आहे, आणि नामांमागेही: क्वारल विथ, वॉर विथ. फ्रेंडशिपलाही विथ आणि भांडणालाही विथ, हे मुलांना विचित्र वाटतं. पण आमच्या 'शी'चं काय? त्याच्याशी मैत्री, त्याच्याशी भांडण.

कधी तर तू डोळ्यांदेखत बदलला आहेस. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हा 'ॲव्हर्जन'मागे फ्रॉम हाच त्याला सर्वांत उचित वाटत होता. ॲव्हर्जनच्या लॅटिन मुळाचा अर्थ तोंड फिरवणे, आणि तोंड फिरवायचं ते एखाद्या गोष्टीपासून. तर्क बिनतोड आहे. तरी लोकांनी टू स्वीकारला आणि आज 'ॲव्हर्जन टू' हेच शुद्ध इंग्रजी आहे. तिटकारा कुणाविषयी आहे, त्याचा रोख कुणाकडे आहे, हे बोलणाऱ्याला महत्त्वाचं वाटलं आणि लॅटिन मागे पडलं. जॉन्सनसारख्या पंडिताला जे थांबवता आलं नाही, त्यावरून मुलांना रागावण्याचा अधिकार आम्हा शिक्षकांना किती, याचा विचार मी नेहमी करते.

पण सगळंच चालतं असं मी म्हणणार नाही. तुझ्या एका बदलाने अर्थ बदलतो, आणि कधी तो अर्थ माणसाच्या हक्काचा असतो. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या भागात समानतेचा हक्क आहे तिथे इंग्रजीत 'राइट टू', आणि तेविसाव्या-चोविसाव्या अनुच्छेदांत शोषणाविरुद्धचा हक्क आहे तिथे 'राइट अगेन्स्ट'. नाम एकच. एका ठिकाणी काही मिळवायचा हक्क, दुसऱ्या ठिकाणी काही रोखायचा. आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा पाहा. त्याचं इंग्रजी नाव 'द राइट ऑफ चिल्ड्रन टू फ्री अँड कम्पल्सरी एज्युकेशन ॲक्ट'. हक्क कुणाचा, तर मुलांचा: ऑफ. हक्क कशाचा, तर शिक्षणाचा: टू. मराठी नावात बालकांचा आणि शिक्षणाचा, दोन्हीकडे षष्ठी. मराठी वाचणाऱ्याला त्यातून अर्थ कळतो, कारण शिक्षणाला हक्क मिळू शकत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. पण 'आईचं प्रेम' म्हटलं की आईने केलेलं की आईवर केलेलं, हे संदर्भावाचून सांगता येत नाही. तिथे आपणही 'आईवरचं प्रेम' असा जोड काढतो. इंग्रजीने तोच भेद ऑफ आणि टूमध्ये वाटून ठेवला आहे. शिक्षण हक्काच्या कायद्याखाली शाळेत आलेल्या मुलाला त्या कायद्याच्या नावातले हे दोन छोटे शब्द उलगडून दाखवण्यापेक्षा चांगला धडा मला सुचत नाही.

तुझी नोंद सर्वांत कळकळीने कुणी ठेवली, हे पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. जन्मापासून भाषा बोलणाऱ्याला तू दिसतच नाहीस. तू दिसतोस तो बाहेरून आलेल्याला. ए. एस. हॉर्नबी तोकियोत जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवत होते. त्यांनी ई. व्ही. गेटनबी आणि एच. वेकफील्ड यांच्यासह रचलेला 'आयडिओमॅटिक अँड सिंटॅक्टिक इंग्लिश डिक्शनरी' हा कोश १९४२ साली तोकियोतच निघाला. शब्दाचा अर्थ देऊन न थांबता तो वाक्यात कसा वापरायचा, हे त्याने दाखवलं. ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये पुन्हा छापला आणि आज जगभर विद्यार्थ्यांच्या हाती असलेला ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश त्याच्यापासून वाढला. १९८६ मध्ये मॉर्टन बेन्सन, एव्हलिन बेन्सन आणि रॉबर्ट इल्सन यांनी 'बीबीआय' कोश काढला. त्यात व्याकरणिक जोड्यांच्या प्रकारांत नाम आणि त्याच्यामागचा तू, या जोडीला पहिला क्रमांक दिला आहे. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली कोबिल्ड कोश आला, खऱ्या बोलण्या-लिहिण्यातून गोळा केलेल्या वाक्यांवर उभारलेला.

आणि हॉर्नबींच्या शंभरेक वर्षं आधी हेच काम मराठीसाठी एका इंग्रजाने केलं होतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत निघाला, सुधारलेली आवृत्ती १८५७ साली. त्यात कितीतरी नामांपुढे त्याने संक्षेपाने टिपलं आहे की याच्यासोबत कोणतं क्रियापद येतं, आणि ज्याच्याविषयी बोलायचं त्याला षष्ठी लागते की 'वर' लागतो की 'शी'. आपल्याला जे विचारावंसंही वाटत नाही, ते त्याला विचारावं लागलं आणि लिहून ठेवावं लागलं. प्रेमाला 'वर', मैत्रीला 'शी', लक्ष द्यायला 'कडे' हे मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला तितकंच कठीण जातं, जितका मराठी मुलाला तू.

त्या परक्याची अडचण हल्ली आपल्यालाही जाणवू लागली आहे, कारण हिंदीच्या सहवासाने आपले प्रत्यय हलू लागले आहेत. 'मला मदत कर' हे मराठी. 'माझी मदत कर' हे हिंदीतून आलेलं. शहरातली मुलं दुसरं सर्रास बोलतात आणि माझ्या कानाला ते टोचतं. अर्थ कळतो, व्यवहार अडत नाही, तरी टोचतं. 'आन्सर ऑफ' ऐकताना इंग्रजीत वाढलेल्या माणसाला असंच काहीतरी होत असणार. मी वर्गात दोन्ही उदाहरणं एकत्र मांडते, म्हणजे प्रत्यय चुकणं हा मराठी मुलांचा दोष आहे हा समज मुळात रुजत नाही. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हे होतं.

तुझ्याकडे जाण्याचा रस्ता मराठी मुलांना दोन ठिकाणांहून आधीच माहीत आहे, आणि शाळा त्यांचा उपयोग करत नाहीत याचं मला वाईट वाटतं. पहिलं ठिकाण लिंगाचं. तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल. मराठी मूल कुठलंही नाम तो-ती-ते सोडून शिकत नाही, आणि टेबल नपुंसक का हे कधी विचारत नाही. दुसरं ठिकाण संस्कृतच्या तासाचं. नमःच्या योगे चतुर्थी, सहच्या योगे तृतीया, भीच्या योगे पंचमी. विभक्तींचा हा तक्ता आठवी-नववीची मुलं घडाघडा म्हणतात. शब्दाबरोबर त्याची विभक्ती शिकायची, ही पद्धत आपल्या शाळांत आहेच. ती शेजारच्या इंग्रजीच्या तासाला जात नाही. धड्याच्या शेवटच्या शब्दार्थांत 'डिमांड म्हणजे मागणी', 'इंटरेस्ट म्हणजे आवड', 'थ्रेट म्हणजे धोका' एवढंच छापलेलं असतं. तिथे 'डिमांड फॉर', 'इंटरेस्ट इन', 'थ्रेट टू' छापायला कागद किती जास्त लागेल? नाम आणि तू यांची पहिली भेट एकाच ओळीत व्हायला हवी. वेगळ्या पानावर, वेगळ्या घटकात, सत्तर रिकाम्या जागांच्या गर्दीत तुमची ओळख होऊ शकत नाही.

एक खरी अडचण शेवटी नोंदवते, कारण ती माझ्या विद्यार्थ्यांनीच काढली. नामाचा सोबती ठरलेला असतो असं मी शिकवते, मग 'सर्च फॉर' आणि 'इन सर्च ऑफ' दोन्ही बरोबर कसे? नीड फॉर आणि इन नीड ऑफ, सपोर्ट फॉर आणि इन सपोर्ट ऑफ. उत्तर असं की आधी इन लागून नाम अशा चौकटीत बसलं, की पुष्कळदा ते आपली सवय सोडून त्या चौकटीचा ऑफ घेतं. पण पुष्कळदाच, नेहमी नाही. इन आन्सर टू, इन रिप्लाय टू आणि इन कॉन्टॅक्ट विथ यांत नामाने आपलाच सोबती राखला आहे. चौकट कुठे जिंकते आणि नाम कुठे, याच्या दोन याद्या मुलं सध्या वहीच्या मागच्या पानांवर करत आहेत. वर्तमानपत्रात सापडलेल्या जोड्या रोज त्यांत भरल्या जातात.

आणि जिथे तुझी दोन रूपं शुद्ध आहेत, तिथे एकच उत्तर मागणारे प्रश्न मी आता काढत नाही. रिसर्च ऑन आणि रिसर्च इंटू, कंपॅरिझन विथ आणि कंपॅरिझन टू, दोन्ही चांगल्या लेखकांच्या लिहिण्यात आहेत. त्यावर मुलाचा गुण कापणं अन्याय आहे. सहामाहीच्या पेपरात यंदा 'कन्सर्न'पुढे रिकामी जागा नसेल. दोन पूर्ण वाक्यं असतील, एकात एका बहिणीचा भावासाठीचा 'कन्सर्न फॉर' आणि दुसऱ्यात भावाबद्दलचा 'कन्सर्न अबाउट'. कुठल्या वाक्यातली बहीण त्याची काळजी घेते आहे आणि कुठल्या वाक्यातली त्याच्यामुळे काळजीत पडली आहे, हे मुलांनी मराठीत लिहायचं आहे.

तुझी,
मराठी माध्यमाच्या शाळेतली इंग्रजीची एक शिक्षिका